डुगडुगता चौथरा

कळंबसरीची खिंड चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, आलं की डाव्या हाताला एक जुना कळंब लागतो आणि त्याच्या सावलीत चौथरा. पाहुण्यांना आधी वाटतं, ढासळलेलं काहीतरी असावं. कमरेएवढा उंच, नुसते दगडावर दगड रचलेले. मधे ना माती, ना चुना. एक दगड काळा, एक तांबूस, एक ओढ्यातला गुळगुळीत, एक कातळातून उपटल्यासारखा धारदार. उगवतीच्या कोपऱ्यात भगदाड आहे, माणसाचं डोकं जाईल एवढं. तिथला दगड निखळून पडला असेल असं समजून पाहुणे हमखास वाकून शोधायला लागतात. शोधू नका. तो पडलेला नाही. आणि दुसरा कुठला उचलून तिथे बसवूही नका. मागे एका भल्या माणसानं बसवला होता, तर शेतातल्या बाया कामं टाकून धावत आल्या.

वरच्या दगडावर हात टेकून बघा. डुगडुगतो की नाही? आमच्या गावचा म्होरक्या त्यावर बसतो. तो का डुगडुगतो आणि कोपरा रिकामा का, याची एक गोष्ट सांगतात. खरं-खोटं त्या कळंबाला माहीत. आम्ही ऐकली तशी सांगतो.

फार मागे या सड्यावर एकच कूळ राहत होतं. कळंब हे त्यांचं देवक. कळंबाची फांदी तोडायची नाही, त्याचं लाकूड जाळायचं नाही. गुरं राखावीत, उतारावर नाचणी पेरावी, असं त्यांचं चाले. खालच्या देशात राजा कोण आहे याची त्यांना खबर नव्हती आणि राजालाही त्यांची नव्हती. कुळाचा एक म्होरक्या असे. गुरं कुठल्या कुरणात घालायची, दोन भावांचं भांडण कसं तोडायचं, कुळाचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, कधी उघडायचं, सगळं त्याच्या शब्दावर.

हा म्होरक्या माणसं निवडत नसत. पोळ निवडत असे. पोळ म्हणजे देवाच्या नावानं मोकळा सोडलेला वळू. आधीचा म्होरक्या वारला की कुळातले कर्ते पुरुष कळंबाखाली रिंगण करून बसत आणि पोळ आत सोडत. तो हुंगत हुंगत फिरे, आणि ज्याच्यासमोर थांबून मान खाली घाली, तो म्होरक्या. मरेपर्यंत. देवानं नेमलेल्या माणसाला काढणार कोण?

नेमणूक झाली की त्याच्यासाठी बैठक रचायची. प्रत्येक चुलीमागे एक दगड. चूल ज्या बाईची, तिनं तो डोक्यावरून आणायचा. पहिला दगड म्होरक्याच्या स्वतःच्या घरचा, त्यानं स्वतः आणलेला, उगवतीच्या कोपऱ्यात, तळाला, त्यावर बाकीच्यांचे. माती-गोट्यांनी फटी अशा घट्ट भरायच्या की वर बसलेल्या माणसाला खालचा एकही दगड जाणवू नये. बायकांनी दगड आणले, रचले, घरी गेल्या. त्यात काही विशेष आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं.

त्या कुळात जैतू नावाचा तरुण होता आणि त्याची थोरली बहीण धुरपा. आई त्यांच्या लहानपणीच्या दुष्काळात गेली. त्या वर्षी तेव्हाच्या म्होरक्यानं पेव लवकर उघडलं होतं. लोकांनी पोटभर खाल्लं, आणि पुढचा उन्हाळा आला तेव्हा पेवाच्या तळाला भुसासुद्धा उरला नव्हता. आई आपल्या वाटचा कंद पोरांना देत देत संपली. जैतू तेव्हा धुरपाच्या कडेवर होता. पुढे धुरपा घाटाखाली दिली. तिथे तिचा नवरा वारला आणि ती रिकाम्या हातानं माहेरी परतली. कुळात कुजबूज झाली, की दिलेली मुलगी परत येऊन कुळाच्या वाट्यात कशी बसते? जैतू तेव्हा साधा गुराखी होता. त्यानं स्वतःच्या हातानं तिला खोपटं बांधून दिलं, चूल मांडली, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ही चूल कुळाची. कुणाला खुपत असंल तर माझ्याशी बोला.” कोणी बोललं नाही.

पुढे पोळ जैतूसमोर थांबला तेव्हा धुरपानं ओढ्यातून तांबूस दगड निवडून आणला आणि बैठकीत बसवला. सांगतात की त्या दिवशी ती एकटीच रडली, आनंदानं.

आणि जैतू चांगला निघाला, हेही सांगायला हवं. कुरणं त्यानं अशी वाटून दिली की दुबळ्याच्या गाईलाही ओढ्याकाठचं गवत मिळालं. दरवर्षी सुगीला प्रत्येक घराकडून टोपलीभर नाचणी तो पेवात घालून घेई आणि आधी स्वतःची टोपली ओती. पेव कड्याच्या बाजूला मुरुमात खोदलेलं होतं, तोंडावर मोठी शिळा, शिळेच्या कडा शेणामातीनं लिंपलेल्या. म्होरक्याच्या शब्दाशिवाय ते लिंपण जो खरवडेल तो कुळाबाहेर, हा नियम जुनाच होता. जैतूनं तो फक्त दोनदा-तीनदा मोठ्यानं बोलून दाखवला होता.

मग एका साली पाऊस निम्म्यात थांबला. पुढच्या साली मृगात तोंड दाखवून जो गेला तो फिरकलाच नाही. गवत उभ्या उभ्या वाळलं. ओढ्यात डबकी राहिली, मग डबक्यांत नुसती चिखलाची भेगाळ खपली. लोक करांदे खणून खायला लागले. ते संपल्यावर कडू कंद, जो राखेच्या पाण्यात उकळून उकळून खावा लागतो आणि तरी घसा सोलतो. म्हातारी माणसं एकेक करून विझत गेली.

लोक चौथऱ्याशी जाऊन उभे राहत. “म्होरक्या, पेव?”

जैतू मावळतीकडे बघत म्हणे, “अजून न्हाई.”

“कधी मग?”

“देवानं मला बसवलंय. देव सांगंल तवा.”

तो स्वतःही उपाशीच होता. लोकांना बोट दाखवायला जागा नव्हती. गालफडं बसलेली, पाठीचे मणके दिसताहेत, असा तो पहाटेपासून बैठकीवर बसून राही. त्याला उठायचीही भीती वाटत असावी, जणू तो उठला आणि नेमकी तेव्हाच देवाची खूण झाली तर!

धुरपाच्या जिवाला चैन नव्हती. ती चुलीशी बसे आणि उठे. कंदाचं भांडं ढवळता ढवळता बाहेर येई, पेवाकडे जाई, शिळेवरून हात फिरवून परत येई. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती दिवसभर सड्यावर फिरत होती. जैतू पेव का उघडत नाही हे साऱ्या कुळात तिला एकटीला ठाऊक होतं. तो नुसती देवाची वाट बघत नव्हता. आईनं हातावर ठेवलेला तो कंद अजून त्याच्या घशात होता. एकदा ती चौथऱ्याच्या कडेला जाऊन हळू म्हणाली, “जैतू, आई गेली ती पेव उघडल्यामुळं न्हाई रं. मोजून खाल्लं न्हाई म्हणून गेली.”

जैतूची नजर हलली नाही. “आक्का, हे म्होरक्याचं काम हाय. तू घरी जा.”

ती गेली. पण घरी नाही, कुळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे, नागोकडे. पोळाची राखण नागोकडे होती. तो गोठ्यात पोळाशेजारी बसला होता. पोळाच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि नागो त्याच्या तोंडाशी कळंबाची वाळकी पानं धरत होता.

“नागो तात्या, तुमी जैतूला सांगा. तुमचं ऐकंल.”

“मी काय सांगू, पोरी? ह्यानं नेमला,” नागो पोळाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला. “ह्यानं नेमलेल्याला सवाल करायचा म्हंजी देवाला करायचा. माझी छाती न्हाई.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोळ मेला. बसल्या जागी मान टाकली आणि परत उचललीच नाही.

सांगतात की त्या दिवशी कुळाला जी धास्ती बसली ती भुकेनंही बसली नव्हती. माणसं घोळक्याघोळक्यानं उभी राहत, पांगत, पुन्हा जमत. कोणी म्हणे देव रागावला. कोणी म्हणे देव गेला. जैतूनं मात्र उलटाच अर्थ काढला. पोळ गेला म्हणजे आता दुसरा नेमायला कोणी उरलं नाही. म्हणजे भार आता आपल्यावरच, शेवटपर्यंत. त्यानं पेवाशी दोन राखणदार बसवले.

आणि त्याच राखणदारांनी सगूला पकडलं.

सगू विधवा होती. लहानगी मुलगी पाठुंगळीला बांधून ती भर दुपारी पेवाकडे गेली आणि नखांनी लिंपण खरवडायला लागली. लपली नाही, इकडंतिकडं बघितलं नाही. राखणदारांनी तिला हाताला धरून चौथऱ्यापुढं आणलं. तिच्या नखांत माती होती आणि पाठीवरची पोर रडतसुद्धा नव्हती. सगळं कूळ गोळा झालं.

“सगू, नियम ठाऊक हाय न्हवं?” जैतूनं विचारलं.

“ठाऊक हाय.”

“मग?”

“पोरीला ठाऊक न्हाई,” सगू म्हणाली. “तिला नुसती भूक ठाऊक हाय.”

जैतूनं पेवाकडे बघितलं. मग म्हणाला, “आज तुला सोडली तर उद्या सगळी जातील. मग पुढं काय? कुळाबाहेर. उन्हं कलायच्या आत खिंड उतर.”

त्या दिवसांत कुळाबाहेर म्हणजे मरणच. घाटाखालीही तोच दुष्काळ होता आणि परक्या बाईला कोण दारात उभं करणार? सगूनं हात जोडले नाहीत. पोरीची झोळी सरळ केली आणि खिंडीकडे वळली. लोकांनी तिला वाट करून दिली. माना खाली घातल्या.

धुरपा गर्दीत मागे उभी होती. तिनं आपले हात काखेत दाबून धरले होते म्हणतात. सगूच्या पाठीवरची पोर जवळून गेली तेव्हा तिला स्वतःच्या कडेवरचा जैतू आठवला. तेवढाच हलका, तेवढाच गप्प. तिला वाटलं, आत्ता ओरडावं. पण ओरडून काय बोलणार? देवानं नेमलेल्याला काय म्हणणार? तिची नजर सैरभैर फिरत होती, आकाशाकडे, मेलेल्या पोळाच्या रिकाम्या गोठ्याकडे, जैतूच्या सुजलेल्या पायांकडे. आणि पायांखाली तिला आपला दगड दिसला. तांबूस, ओढ्यातला.

ती गर्दीतून पुढे आली. चौथऱ्याशी गुडघे टेकून बसली आणि बोटांनी फटीतली माती उकरायला लागली.

“आक्का, काय करतीस?”

“माझा दगड काढतीया.”

“आक्का!”

“देवाचं देवापाशी. तुझ्याम्होरं मान घातली ती पोळानं. त्यात माझा काय बी संबंध न्हाई,” धुरपा उकरत म्हणाली. “पर हा दगड न्हाई देवानं आणला. मी आणला. माझ्या डोक्यावरनं. माझा मी घेऊन चालले.”

राखणदार पुढे झाले आणि थबकले. पेवाला हात लावायचा नाही असा नियम होता. चौथऱ्यावरून आपला दगड परत घ्यायचा नाही असा नियम कोणी केलाच नव्हता. कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “ज्यानं चूल दिली त्याच्याच बुडाखालचा दगड काढतीस व्हय गं?”

धुरपाचे हात थांबले. ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली. तिला उठून घरी जाता आलं असतं. मग ती मान वर न करता म्हणाली, “त्यानं चूल दिली. चुलीसंगं दगड आला. दगड उगाच न्हाई येत.” आणि तिनं दोन्ही हातांनी दगड ओढला.

चौथरा कलला. फार नाही. पण जैतूला तोल सावरायला हात टेकावा लागला, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. धुरपा दगड डोक्यावर घेऊन आपल्या खोपटाकडे चालू लागली. मागे वळून तिनं बघितलं नाही. तिला वाटत होतं, आता मागून काहीतरी येऊन पाठीत बसेल, दगड नाहीतर जैतूची हाक. दोन्हीही आलं नाही. आला तो दगडावर दगड घासल्याचा आवाज.

खिंडीच्या तोंडापासून सगू परत फिरली होती. कुळाबाहेर काढली असली तरी तिचा दगड अजून आत होता. पोर पाठीवर तशीच, आणि ती वाकून आपला काळा दगड ओढत होती. मग एक म्हातारी आली, तिच्याच्यानं निघेना तर सुनेनं हात लावला. मग दुसरी. मग पुरुषही पुढे आले, पण बायांनी त्यांना दूर केलं. दगड चुलीचे होते. नागोच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नागोनं तोंड फिरवलं. तिनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला आणि आपला दगड काढला.

जैतू वरच बसून होता. उतरला तर देवाचा अपमान होईल, असं त्याच्या मनात घट्ट होतं. एकेक दगड जाई आणि त्याची बैठक इकडे कले, तिकडे कले. तो कधी या हातावर, कधी त्या हातावर भार देत, गुडघे आवळून, वादळात फांदी धरून बसलेल्या माणसासारखा बसला होता. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी हातही लावला नाही. हेच त्याला सोसेना असं म्हणतात. शेवटी तो स्वतःच खाली उतरला. लोक मागे सरले. तो खाली बसला, उगवतीच्या कोपऱ्यात तळाशी असलेला आपल्या घरचा दगड दोन्ही हातांनी धरला, आणि ओढला. उरलेला चौथरा मोठा आवाज करून बसला. धूळ उडाली.

मग तो पेवाकडे गेला. राखणदारांना बाजूला होण्याची खूण केली. स्वतः लिंपण फोडलं, चार माणसांनी मिळून शिळा सरकवली, आतली कोंडलेली हवा निघून जाऊ दिली आणि तो उतरला. बराच वेळ त्याचा आवाज आला नाही. लोक तोंडाशी ओणवे झाले. आतून फक्त मुठीमुठीनं काहीतरी उपसल्याचा आवाज येत होता. जैतू वर आला तेव्हा त्याच्या ओंजळीत नाचणीचं फोलपट होतं.

घुशींनी बाजूनं मुरुम पोखरून वाट केली होती. जवळजवळ निम्मं पेव त्यांनी खाऊन टाकलं होतं. माणसं वर कडू कंद चघळत होती, राखणदार शिळेवर पहारा देत होते, आणि खाली घुशी निवांत पोसल्या जात होत्या.

जैतूनं ओंजळ सगळ्यांना दाखवली. सबब सांगितली नाही. मग उरलेलं धान्य धुरपाच्या हातानं वाटायला लावून तो आपला दगड खांद्यावर टाकून निघून गेला. सड्याच्या पार टोकाला, जिथे कुळाचं शेवटचं कुरण संपतं, तिथे त्यानं चार मेढी रोवून झोपडी बांधली.

सगूला कुळाबाहेर काढणारा शब्द त्याचा होता, आणि त्या शब्दाला आता बैठकच उरली नव्हती. सगू राहिली. धुरपानं नाचणी मोजून वाटली, रोज एकदाच, आणि ती पुरली. जेमतेम पुरली. पाऊस आला तो उशिरा, आणि तोवर आणखी काही माणसं गेलीच.

पाऊसपाणी झाल्यावर प्रश्न उभा राहिला, की म्होरक्या कोण? पोळ नाही. नागो म्हणाला, नवा गोऱ्हा देवाला सोडू, तो मोठा होईपर्यंत थांबू. तोवर कुरणांवरून मारामाऱ्या सुरू झाल्या होत्या. सगूच पहिल्यांदा बोलली. “माझा दगड माझ्या दारात पडून हाय. जो माझ्या पोरीकडं बघंल त्याच्या दारात नेऊन ठेवते. तुमी तुमचे ठेवा.” आणि तिनं तो उचलून धुरपाच्या दारात नेऊन टाकला.

तिच्या मागोमाग बाया दगड आणू लागल्या. धुरपा घाबरली. दारातला ढीग वाढताना बघून ती चिडली. “मी काढायला गेले हुते! चढायला न्हाई!” तिनं दोन-चार दगड उचलून परत केले; ते पुन्हा आले. कुळात काही तोंडं म्हणतच होती, की भावाला खाली ओढला तो स्वतः बसायलाच. ती दिवसचे दिवस घरातून बाहेर पडली नाही. शेवटी नागो स्वतः आला, बायकोचा दगड घेऊन. म्हणाला, “पोरी, माझी छाती झाली न्हाई तवा तुझी झाली. आता मागं सरू नको. आन् चुकलीस तर काय करायचं ते तू आमाला शिकीवलंच हाईस.”

धुरपा तयार झाली, पण तिनं सांगितलं, की फटीत माती भरायची नाही. ज्याला आपला दगड काढायचा त्याला नखं झिजवावी लागू नयेत. दर साली चौथरा मोडायचा आणि पुन्हा रचायचा. आणि मधेच कोणी दगड काढला तर म्होरक्यानं त्याला बोलावून घ्यायचं नाही. स्वतः उठून त्याच्या दारात जायचं आणि विचारायचं, “काय चुकलं?”

चौथरा रचला गेला. ती बसली. सगळ्यांचे दगड होते, एक नव्हता. जैतूचा. उगवतीचा कोपरा धुरपानं स्वतःचा दगड न ठेवता त्याच्यासाठी राखला होता. तो रिकामा, आणि त्यामुळे सगळी बैठक डुगडुगत होती.

तिनंच केलेला नियम होता. ती त्याच दिवशी उठली आणि सडा ओलांडून भावाच्या झोपडीशी गेली. जैतू शेळीच्या खुरातला काटा काढत होता. दगड दाराशी पडला होता. त्यानं वर बघितलं.

“काय चुकलं?” धुरपानं विचारलं. तिला वाटत होतं, आता तो सगळं बोलेल, चुलीचं, खोपटाचं, सगळ्यांसमोर खाली ओढल्याचं.

“काय बी न्हाई चुकलं, आक्का.”

“मग दगड का न्हाई आणला? माझ्यावर राग हाय तुझा?”

“हुता. पावसाबरुबर गेला.” जैतूनं शेळीला सोडून दिलं. “बसलीस व्हय त्यावर?”

“बसले. हालतंय सगळं. येक घटका नीट बसवत न्हाई.”

“तेच तर,” जैतू म्हणाला. “तुमी माझ्यासाठी बैठक अशी घट्ट केली हुती आक्का, की मला खालचं काय बी कळलं न्हाई. माणसं मेली, पेव पोखरलं, सगू गेली असती. माझ्या बुडाखाली तसूभर काय हाललं न्हाई. तू दगड काढलास तवा पहिल्यांदा हाललं.” त्यानं दाराशी पडलेल्या दगडावर हात ठेवला. “माझा दगड मी ठेवणार न्हाई. तुझ्या वेळंला न्हाई, तुझ्या मागनं जो येईल त्याच्या वेळंला न्हाई. हालू दे.”

धुरपा त्याच्या शेजारी मातीत बसली. उन्हं कलेपर्यंत दोघं तशीच बसून होती म्हणतात, आणि निघताना जैतूनं तिच्या ओच्यात मूठभर भाजलेली नाचणी घातली.

ती पुढे पुष्कळ वर्षं म्होरक्या होती. कधी स्वस्थ बसली नाही. तिच्या काळात लोकांनी दगड काढले. दोनदा तर सगूनंच काढला. दर वेळी धुरपा उठून तिच्या दारात गेली. एकदा चूक तिची निघाली, एकदा सगूची.

जैतूचा दगड सड्याच्या टोकाला आहे. झोपडीचं आता काही उरलं नाही. वाट दाखवायला कोणीही येईल तुमच्याबरोबर. त्याला शेंदूर लावलेला नाही आणि नारळही फोडत नाहीत. नुसता दगड आहे.

आता गावात ग्रामपंचायत आहे, निवडणूक होते, शिक्के मारतात. त्याचं ते चालतं. पण चैत्रात, नवी पालवी फुटली की आजही घराघरातल्या बाया डोक्यावरून दगड आणतात आणि कळंबाखाली चौथरा रचतात. उगवतीचा कोपरा सोडून. सिमेंटनं पक्का बांधून देतो, वर फरशी बसवतो, असं सांगणारे अनेक येऊन गेले. गाव त्यांना चहा पाजतं आणि वाटेला लावतं. आजही दगड ठेवताना कोणी भाषण करत नाही, काढतानाही नाही. वर्षाच्या मध्यावर कधीतरी, भर दुपारी, एखादी बाई येते, वाकते, आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज होतो. तो आवाज झाला की वर बसलेला माणूस, मग तो कितीही मोठा असो, आधी खाली बघतो आणि मग चपला शोधायला लागतो.